मागच्या वर्षीची माणसं

२०२४ च्या हंगामात आमचा संघ गटात पहिला आला आणि उपांत्य फेरीच्या सातव्या सामन्यात हरला. यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण ऐकून घ्यायला घरात कुणी उरलेलं नाही. बायको दुसऱ्या वाक्याला उठते. मुलगी दुसऱ्या शहरात शिकते आणि फोन उचलल्या उचलल्या "बाबा, बेसबॉलचं नको हं" असं बजावून मगच पुढे बोलते. म्हणून हा लेखी अहवाल.

'आमचा संघ' असं म्हटलं की न्यू जर्सीतली मराठी मंडळी आधी खूश होतात. क्रिकेटची टीम असेल असं त्यांना वाटतं. मग मी सांगतो, बेसबॉलचा. "अरे वा, या वयात!" मग मी सांगतो, टेबलावरचा, फासे टाकून खेळायचा. मग ते समोशांकडे वळतात.

प्रकार असा आहे. एक निवृत्त पोस्टमन, एक गणिताचा मास्तर, एक दातांच्या कवळ्या बनवणारा आणि अशीच आणखी काही सभ्य माणसं मेजर लीगमधले खरेखुरे खेळाडू आपसांत वाटून घेतात. प्रत्येकाचा एकेक संघ. एप्रिल ते सप्टेंबर सामने, मग बाद फेरी, मग हिवाळाभर खेळाडूंची देवघेव आणि रुसवेफुगवे. खेळाचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. माझ्याकडे संघ आला तो दत्तक. ऑफिसातला एक सहकारी निवृत्त होऊन फ्लोरिडाला निघाला, तेव्हा त्यानं माझ्या टेबलावर बुटांचं एक खोकं आणून ठेवलं. आत रबरबँड लावलेली कार्डं, चार-पाच फासे आणि एक वही. वहीत पेन्सिलीनं शेरे होते: 'डावखुऱ्या पिचरसमोर याला अजिबात नको', 'चांगला, पण मास्तरला देऊ नये'. "तू आकड्यांचा माणूस आहेस, सांभाळशील," असं म्हणून तो गेला. माझा धंदा हिशोबतपासणीचा. मागच्या वर्षाच्या नोंदींवर पोट भरायची मला सवय आहे, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं.

कारण या खेळाची मेख तीच आहे. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड असतं आणि त्या कार्डावर त्यानं मागच्या हंगामात खरोखर जे केलं ते सगळं शक्यतांच्या रूपात उतरवलेलं असतं. म्हणजे २०२४ साली आम्ही खेळलो ते २०२३ च्या कार्डांवर. आमच्या टेबलावरचा प्रत्येक खेळाडू एक वर्ष मागे असतो. तो सुधारू शकत नाही, बिघडू शकत नाही, त्याला सूर गवसत नाही की त्याचा सूर हरपत नाही. त्यानं करायचं ते करून झालेलं आहे. आता जे काही बरंवाईट व्हायचं ते आमच्या अकलेनं आणि फाशांनी.

शाळेत आम्ही इतिहासाच्या पुस्तकातून क्रिकेट खेळायचो. पान उघडायचं, पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आलं की बाद. तास शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा असो की पानिपताचा, मागच्या बाकावर कसोटी चालू असे. त्या खेळात एक मोठाच अन्याय होता, तो त्या वयातही टोचायचा. पुस्तकाला गावसकर आणि चंद्रशेखर यांतला फरक कळत नसे. ज्याच्या कसोटीतल्या एकूण धावा १६७ आणि बळी २४२, त्या चंद्रशेखरनं आमच्या बाकावर शतकं ठोकली आहेत आणि गावसकर पहिल्या पानावर बाद झाला आहे.

याच अन्यायानं लाँग आयलंडवरचा एक मुलगा बेचैन झाला होता. हॅल रिचमन त्याचं नाव. बाजारात मिळणारे बेसबॉलचे खेळ त्याला पसंत पडेनात, तेव्हा अकराव्या वर्षी त्यानं स्वतःचा खेळ मांडायला घेतला आणि कुठली बेरीज किती वेळा येते हे कळावं म्हणून फासे हजारो वेळा टाकून पाहिले. पुढे १९६१ साली त्यानं तो खेळ विकायला काढला. पहिली काही वर्षं धंदा काही बसेना, तेव्हा वडिलांकडून पैसे उसने घेतले. अट अशी, की धंदा बुडाला तर मुकाट्यानं त्यांच्या विम्याच्या कचेरीत येऊन बसायचं. धंदा बुडाला नाही. पण दोन्हीकडे काम एकच होतं म्हणा: उद्या कुणाचं काय मोडेल याची शक्यता मांडायची.

त्यानं तोडगा काढला तो असा. तीन फासे, एक पांढरा आणि दोन लाल. पांढऱ्यावर एक, दोन किंवा तीन आले तर उत्तर बॅटरच्या कार्डावर शोधायचं, चार, पाच किंवा सहा आले तर पिचरच्या. लाल फाशांची बेरीज म्हणजे ओळ. त्या ओळीत जे लिहिलं असेल ते झालं. कधीकधी तिथे आणखी एक फाटा असतो, मग वीस बाजूंचा चौथा फासा. म्हणजे चेंडूचं अर्धं नशीब मारणाऱ्याच्या हातात आणि अर्धं टाकणाऱ्याच्या. मी संसारात, नोकरीत पुष्कळ वाटण्या पाहिल्या, इतकी सरळ वाटणी दुसरी पाहिली नाही.

आमची लीग जुन्या वळणाची आहे. यजमान संघाचा मालक आपल्या घरी बसून दोन्ही बाजूंचे फासे टाकतो. पाहुणा मालक तिथे नसतोच, त्यानं फक्त सूचनांचा कागद पाठवलेला असतो. म्हणजे माझा संघ माझ्या अपरोक्ष, माझ्याच सूचना प्रामाणिकपणे पाळून हरवला जातो आणि हरवणारा मला तसं कळवतो. बाकीचे ईमेल करतात. पोस्टमन मात्र धावफलक पाकिटात घालून, तिकीट लावून टपालात टाकतो. आयुष्य त्या खात्यात काढल्यावर दुसरं काही करणं त्याला बेइमानी वाटते. त्यामुळे त्याच्याकडे झालेला पराभव मला तीन दिवसांनी समजतो, आणि ते तीन दिवस मी उगाचच आनंदात असतो.

आता मुख्य गोष्ट. रोनाल्ड अकुन्या. २०२३ साली यानं अटलांटाकडून ४१ होम रन मारले आणि ७३ बेस चोरले. बेसबॉलमध्ये चोरी, म्हणजे चेंडू मारला जाण्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठणं, हा गुण आहे, तिची नोंद ठेवतात आणि पगार वाढवतात. चाळीसच्या वर होम रन आणि सत्तरच्या वर चोऱ्या हे एका हंगामात आधी कुणालाच जमलेलं नव्हतं. दांडगट असतात ते पळत नाहीत आणि पळणारे असतात ते दांडगाई करत नाहीत. ह्यानं दोन्ही केलं आणि एकमतानं त्या वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो आमच्या संघात, आणि चेंडूफेकीला त्याच अटलांटाचा स्पेन्सर स्ट्रायडर, ज्यानं २०२३ मध्ये २८१ वेळा बॅटरला स्ट्राइकआउट केलं आणि वीस सामने जिंकले. मार्चमध्ये बाकीचे मालक माझ्याशी जरा कमी बोलू लागले होते. सुखाचे दिवस.

मग एप्रिलमध्ये, म्हणजे खऱ्या एप्रिलमध्ये, स्ट्रायडरचं कोपर गेलं. दोन सामने खेळून तो शस्त्रक्रियेला गेला आणि वर्ष संपलं. आमच्या टेबलावर तो दर पाचव्या दिवशी ठणठणीत येऊन चेंडू फेकत होता. आणि २६ मे २०२४ च्या रविवारी पिट्सबर्गमध्ये पहिल्याच इनिंगमध्ये अकुन्यानं डबल मारून दुसरा बेस गाठला, तिसऱ्या बेसकडे पळण्याची हूल दिली, मागे वळला आणि डाव्या गुडघ्यातून गेला. उजवा २०२१ साली गेलाच होता.

सांगलीहून आई तेव्हा आमच्याकडे आलेली होती. टीव्हीसमोर लसूण सोलत बसली होती. आईला बेसबॉल कळत नाही, गुडघे कळतात. तो खाली बसला तसा तिनं सुरी ताटात ठेवली आणि म्हणाली, "गेला रे बाळ त्याचा." डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते तिनं तिथेच सांगितलं.

संध्याकाळी माझे घरचे सामने टाकायचे होते. मी खोकं उघडलं, अकुन्याचं कार्ड नेहमीप्रमाणे सर्वांत वर मांडलं. आई शेजारी येऊन बसली.

"हा तोच का, दुपारचा?"

"तोच."

"मग बसव की रे त्याला. कशाला पळवतोस."

"आई, हा २०२३ चा आहे. याला काही झालेलं नाही."

"असू दे. गुडघा त्याचाच ना?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, ते मी दिलंही: हे कार्ड म्हणजे तो माणूस नव्हे, त्याच्या गेल्या वर्षीच्या कामगिरीचा ताळेबंद आहे. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग अकुन्यानं दुसरा बेस चोरला, तिसरा चोरला, आणि दर चोरीला ती स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. तिसऱ्या इनिंगनंतर "तुम्हा लोकांना दयामाया नाही" असं म्हणून आत निघून गेली. 'तुम्हा लोकांना' यात मी, अमेरिका आणि हॅल रिचमन सगळेच आले.

त्यात गंमत पाहा. या खेळात दुखापतीही असतात. फाशांची अमुक बेरीज आली की खेळाडू जायबंदी, मग तो किती सामने बाहेर हे पुन्हा फाशांनी ठरवायचं. पण जो खेळाडू मागच्या वर्षी जवळजवळ सगळे सामने खेळला, त्याला दुखापत झाली तरी ती चालू सामन्यापुरतीच. अकुन्या २०२३ मध्ये १५९ सामने खेळला होता. म्हणजे ज्या वर्षी तो कुबड्या घेऊन चालत होता, त्या वर्षी आमच्या नियमांप्रमाणे त्याला एका सामन्याहून मोठी इजा होणंच शक्य नव्हतं. तो जुलैत पळाला, ऑगस्टमध्ये पळाला. खरा अकुन्या फिजिओथेरपीला जाताना गाडीत बसायला जितका वेळ घेत असेल तितक्यात इकडे त्यानं दोन बेस चोरलेले असत.

पण लीग एक वर्ष मागे असण्याची दुसरी बाजू अशी, की आम्हाला पुढचं दिसतं. २६ मे रोजीच मला कळलं होतं की २०२५ च्या हंगामात माझ्याकडे असणारं अकुन्याचं कार्ड ४९ सामन्यांचं आणि चार होम रनचं असेल. स्ट्रायडरचं तर नऊ इनिंगचं. घरावर जप्ती येणार हे आठ महिने आधी कळावं आणि तोवर त्याच घरात थाटात राहता यावं, अशी आमची अवस्था. यंदा जिंकलो तर जिंकलो.

हे बाकीच्यांनाही दिसत होतंच. सोमवारी सकाळपासून सांत्वनाचे फोन सुरू झाले. सांत्वनाच्या फोनमध्ये तिसऱ्या मिनिटाला भाव निघतो. कवळीवाला म्हणाला, फार वाईट झालं, मी तुझ्याकडून त्याला घेऊन टाकतो, बदल्यात एक डावखुरा रिलीव्हर (बदली पिचर) देतो. मी म्हटलं, पॉल स्कीन्स दे. स्कीन्सनं पिट्सबर्गसाठी पहिला सामना टाकला होता तो ११ मे रोजी, म्हणजे त्याच महिन्यात. त्याचं कार्डही नव्हतं, आमच्या टेबलावर तो जन्मलाच नव्हता. पण कवळीवाल्यानं नवख्यांच्या निवडीत त्याला आधीच घेऊन ठेवलेलं होतं. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

गणिताच्या मास्तराकडे शोहेई ओहतानी होता, त्याची तऱ्हा आणखी निराळी. कोपरामुळे खरा ओहतानी २०२४ मध्ये पिचिंग करतच नव्हता, नुसती बॅटिंग. त्यातच त्यानं ५४ होम रन मारले, ५९ बेस चोरले. १९ सप्टेंबरला मायामीत एका दिवसात तीन होम रन, दोन चोऱ्या आणि दहा धावा वसूल. पण मास्तराच्या टेबलावर तो २०२३ चा होता, मोडण्याआधीच्या हातानं माझ्या संघाला पिचिंग करत होता. मास्तर वर्गात मुलांना गणित शिकवतो, पण त्याला स्वतःला हे गणित विचारलं की एका माणसाच्या दोन वर्षांतलं कुठलं अर्धं जास्त मोलाचं, तर नुसता छताकडे बघतो.

माझ्या लाडक्या माणसांबद्दल आता लिहायला हवं. काइल श्वॉर्बर हा त्यातला पहिला. २०२३ मध्ये त्याची बॅटिंगची सरासरी होती .१९७, म्हणजे हजारात १९७ वेळा हिट. पाच वेळा बॅट घेऊन गेला तर एक हिटही पुरती हाती लागत नाही. २१५ वेळा स्ट्राइकआउट. आणि हा माणूस फिलाडेल्फियासाठी बहुतेक सामन्यांत पहिल्या क्रमांकावर खेळायला जायचा! कारण उरलेला हिशोब असा: ४७ होम रन आणि १२६ वेळा चालत पहिल्या बेसवर. चार चेंडू बाहेरचे पडले की बॅटरला फुकटात चालत जायला मिळतं, आणि नको तो चेंडू सोडून द्यायला श्वॉर्बर ऋषीसारखा धीर धरतो. लेफ्ट फील्डमध्ये मात्र चेंडूच त्याला सोडून जातो. क्षेत्ररक्षणाला कार्डावर एक ते पाच असे आकडे असतात, एक म्हणजे उत्तम. श्वॉर्बरचा आकडा इथे लिहीत नाही, त्याच्या घरची माणसं वाचतील. माझ्या सूचनांच्या कागदावर एक कायमचं कलम आहे: सातव्या इनिंगनंतर आघाडीवर असलो तर लेफ्ट फील्डमधून श्वॉर्बरला काढून कुणालाही उभं करावं. 'कुणालाही' या शब्दाखाली दोन रेघा आहेत.

आणि दुसरा झॅक ग्रिंकी. यानं २०२३ मध्ये कॅन्सस सिटीसाठी दोन सामने जिंकले आणि पंधरा हरला. वर्तमानपत्रात २-१५ असं छापून आलं की वाचणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराचा एके काळचा मानकरी, आणि कारकिर्दीच्या शेवटाला हे. पण तो संघ त्या वर्षी १०६ सामने हरला होता. त्यात कुणीही पिचर उभा केला असता तरी त्याच्या नावासमोर पराभवच लागले असते. आणि कार्डाचा मोठेपणा इथे दिसतो: कार्डावर हार-जीत लिहिलेलीच नसते. किती हिट दिल्या, किती होम रन, किती जणांना फुकट चालत जाऊ दिलं, इतकंच. ग्रिंकी फुकट कुणालाच फारसं जाऊ देत नाही. दत्तक आलेल्या वहीत त्याच्या नावापुढे पेन्सिलीनं 'विश्वासू' एवढंच लिहिलेलं आहे.

मी त्याला पाचव्या क्रमांकाचा पिचर म्हणून खेळवला. आमच्या संघात पुढे अकुन्या पळत होता, मागे श्वॉर्बर होम रन मारत होता. ग्रिंकी सहा इनिंग टाकायचा, चार धावा द्यायचा आणि आम्ही सहा-चारनं जिंकायचो. त्याच गोलंदाजीवर तो हंगामात हरला त्यापेक्षा जास्त जिंकला. मी ऑडिटच्या धंद्यात इतकी वर्षं आहे, नफ्यातल्या विभागात बसल्यामुळे हुशार ठरलेली आणि तोट्यातल्या विभागात बसल्यामुळे बावळट ठरलेली माणसं मी रोज बघतो. त्यांना उचलून दुसऱ्या खुर्चीत बसवून पाहण्याची सोय फक्त या खोक्यात आहे. ग्रिंकीनं आठवा विजय मिळवला त्या रात्री मी बायकोला उठवून सांगणार होतो. विचार बदलला.

त्याच २०२३ चं ॲडम वेनराइटचं कार्ड पोस्टमनकडे होतं. कार्डिनल्सचा हा म्हातारा पिचर २०२३ मध्ये शेवटचं खेळला. धावांची सरासरी ७.४०, म्हणजे दयनीय. पण त्याच हंगामात, सप्टेंबरमध्ये, सात इनिंग एकही धाव न देता त्यानं कारकिर्दीतला दोनशेवा विजय मिळवला. ती एक संध्याकाळ कार्डात कुठे गेली? ७.४० मध्ये मिसळून गेली. पोस्टमन मूळचा सेंट लुइसचा. तो वेनराइटला महिन्यातून एकदा पिचिंगला उतरवायचा, दणकून मार खायचा आणि ते धावफलक तिकिटं लावून आम्हाला पाठवायचा. त्याला कुणी हसलं नाही. आम्ही सगळ्यांनी आपापले सामने त्याच्या तारखेला लागावेत म्हणून प्रयत्न मात्र केले.

हे सगळं वेडाचं लक्षण आहे असं बायकोचं मत आहे आणि त्याला पुरावा म्हणून तिच्या हाती एक कादंबरी लागली आहे. रॉबर्ट कूव्हर यांची १९६८ ची. तिच्यातला हेन्री वॉ नावाचा एकटा माणूस तीन फाशांवर स्वतःची काल्पनिक बेसबॉल लीग चालवतो. त्याचा लाडका तरुण पिचर फाशांच्या एका दानानं चेंडू लागून मरतो आणि हेन्रीचं भान सुटत जातं. "आणि हा हेन्री कोण आहे माहितीये? अकाउंटंट," असं ती म्हणाली, आणि मी तिच्याकडे पाहीपर्यंत पान दुमडूनही ठेवलं. मी तिला जॅक केरुअॅकचं उदाहरण दिलं. 'ऑन द रोड' लिहिणारा हा भणंग, देशभर हिंडणारा, पण लहानपणी लोवेल गावात सुरू केलेली कागदी बेसबॉल लीग मोठेपणीही गुपचूप चालवत असे. संघांना मोटारींची नावं, खेळाडूंना पगार, सामन्यांच्या बातम्या, सगळं स्वतःच लिहिलेलं. ते कागद आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत. बायको म्हणाली, "त्यानं बाकीचंही काही लिहिलं होतं ना?"

असो. उपांत्य फेरी.

बाद फेरीचे सामने मात्र समोरासमोर होतात, पोस्टमनच्या तळघरात. आमची गाठ मास्तराशी. मास्तर म्हणजे थंड डोक्यानं साठेबाजी करणारा. आमच्याकडे नियम असा, की खेळाडूला खऱ्या मैदानात जितक्या वेळा बॅटिंग मिळाली साधारण तितक्याच वेळा टेबलावर खेळवायचं. नाहीतर चार दिवस चमकून गेलेल्या पोराला अख्खा हंगाम वापरता येईल. मिनेसोटाचा रॉइस लुइस २०२३ मध्ये ५८ सामनेच खेळला, पण .३०९ च्या सरासरीनं, १५ होम रन मारून, आणि त्यातले चार तर तिन्ही बेस भरलेले असताना. मास्तरानं त्याला मे महिन्यापासून बाकावर बसवून ठेवला होता. जूनमध्ये हरला, जुलैत हरला, लुइसला हात लावला नाही. सप्टेंबरात कोटा शाबूत. नियमात बसतं. मला ते आवडलं नाही, आणि माझ्याकडे लुइस असता तर मीही तेच केलं असतं.

सातवा सामना, आठवी इनिंग, आम्ही एका धावेनं पुढे. लेफ्ट फील्डमध्ये श्वॉर्बरच्या जागी कुणीतरी उभा होता. पिचिंगला स्ट्रायडर, बेसवर एक जण, समोर लुइस. मास्तरानं फासे टाकले. पांढरा पाच, म्हणजे पिचरचं कार्ड, माझंच कार्ड. मला हायसं वाटलं. लाल बेरजेच्या ओळीत फाटा होता: लहान आकडा आला तर होम रन, नाहीतर झेल. वीस बाजूंचा फासा टाकायचा. तो टेबलावरून घरंगळत बशीला लागला, चिप्सच्या पुड्यामागे गेला आणि दोनावर थांबला. कवळीवाला तज्ज्ञ म्हणून बघायला वाकला आणि म्हणाला, दोनच आहे. बशीला लागलेला फासा धरायचा की नाही यावर पंधरा मिनिटं वाद झाला. लीगच्या घटनेत बशीचा उल्लेख नाही.

घरी येताना मला वाटत होतं की स्ट्रायडरनं दगा दिला. कार्डानं दगा कसा दिला, हे गाडी लावेपर्यंत मला सांगता आलं नाही. तो होम रन त्यानं कधीतरी २०२३ मध्ये कुणाला तरी दिलेला होता, तेवढाच त्या ओळीत शिल्लक राहिलेला. त्याची वसुली माझ्याकडून झाली. एक दिलासा देणारी हकीगत मात्र आहे. डॅनियल ओक्रेंट या गृहस्थांनी मित्रांबरोबर १९८० साली रोटिसरी लीग काढली. त्यात खेळाडूंची चालू वर्षाची कामगिरी मोजतात, आणि आज करोडो लोक फोनवर जे फँटसी खेळ खेळतात त्यांचं मूळ ते. मॅनहॅटनमधल्या ज्या रेस्टॉरंटात ते जेवायला जमत त्याचं नाव लीगला दिलं. स्वतः काढलेल्या त्या लीगमध्ये ओक्रेंट कधीच जिंकले नाहीत, असं त्यांची ओळख करून देताना हमखास सांगतात.

आता २०२५ चा जानेवारी संपत आला आहे. नवी कार्डं लवकरच येतील आणि त्याआधी कुणाला ठेवणार, कुणाला सोडणार याची यादी द्यायची आहे. ग्रिंकीला सोडावं लागणार, त्यात माझं काही चालत नाही. तो २०२४ मध्ये खेळलाच नाही, म्हणून कार्डच निघणार नाही. वेनराइटचंही तेच. पोस्टमननं त्याचं जुनं कार्ड चौकटीत बसवून भिंतीवर लावलं आहे, असं ऐकतो. स्ट्रायडरची जागा अडवून ठेवायची की मोकळी करायची यावर माझं रोज वेगळं मत असतं. श्वॉर्बरचं कार्ड यंदा चक्क सुधारेल, .२४८ आणि ३८ होम रन, शिवाय २०२४ मध्ये त्याला मैदानात फारसं उभंच केलेलं नाही. ते बघून मला थोडं चुकल्यासारखं वाटतं. .१९७ ला मी सरावलो होतो.

अकुन्या राहणार. ४९ सामन्यांचं कार्ड मी वर्षभर कोट्यात मोजून वापरीन, मास्तराकडून शिकल्याप्रमाणे. यादीतली एक अख्खी जागा अशी गुंतवणं शहाणपणाचं नाही असं कवळीवाल्यानं मला काल रात्री फोन करून समजावलं. तू दमला असशील, म्हणाला, मीच घेतो तो भार, बदल्यात डावखुरा रिलीव्हर आणि दुसऱ्या फेरीतली निवड. मी म्हटलं, स्कीन्स. स्कीन्सनं २०२४ मध्ये ११ सामने जिंकून १.९६ ची सरासरी राखली होती, त्यामुळे या वेळी तो हसलासुद्धा नाही. म्हणाला, स्कीन्स सोडून बोल. मी म्हटलं, मग तू अकुन्या सोडून बोल. पुढचा अर्धा तास आम्ही श्वॉर्बरबद्दल बोललो.